पेटीची पाठ

यवतमाळच्या दत्त चौकातून निघालेल्या ऑटोत शेजारच्या पोरीच्या फोनवर सत्यशीलाबाईला आपली पेटी दिसली. आपली म्हणजे आपली नव्हे, कोण्या परदेशातली. पण पेटी म्हटली की तीच. माणूसभर उंच, समोर दार, दारावर चांदण्या रंगवलेल्या, बाजूला काळ्या कोटातला माणूस तलवारी घेऊन उभा. एक गोरी पोरगी हसत हसत आत शिरली, दार लागलं, तलवारी आरपार गेल्या, दार उघडलं तर आत कोणी नाही. बाईच्या छातीत काही हलायच्या आतच पडद्यावर एक लाल बाण आला. बाण वळसा घालून मागे गेला, पेटीची पाठ उघडी पडली आणि पाठीशी ती गोरी पोरगी घडी होऊन बसलेली दिसली, तोंड उघडं, दम खात. शेजारच्या पोरीनं अंगठ्यानं सगळं वर ढकललं. पेटी गेली, त्या जागी कोणाच्या तरी कढईत भजी तळली जाऊ लागली.

"थांब व माय," बाई म्हणाली. "थे मांगचं दाखव."

"कोणतं आजी, भज्याचं?"

"भजे मले येतेत. पेटीचं."

पोरीनं हसून पेटी परत आणली. "हे तं आता साऱ्यायले माहीत हाये आजी. मांगून फळी राह्यते. पोरगी कुठी जात-बीत नाई, आतच राह्यते."

"आतच राह्यते," बाई म्हणाली आणि तोंड रस्त्याकडे वळवलं.

मांडीवर मेथीची जुडी होती, सुकटाची पुडी होती, पुडीचा वास ऑटोभर झाला होता आणि पोरगी रुमाल नाकाशी नेत होती, ते बाईला दिसत होतं आणि दिसत नव्हतं. गुपित फुटलं याचं तिला काही वाटलं नाही. ते फुटल्याला आता वर्षं झाली, पोरगा बादल रोज जेवताना तेच सांगतो. तिला वाटलं ते वेगळंच. असं दिसत होतं तर. उभा जन्म ज्या खेळाच्या आत काढला तो तिनं समोरून कधी पाहिलाच नव्हता. नवऱ्याचा, भीमराजचा नियम होता, पेटीतल्या बाईनं खेळ समोरून पाहू नये. उमरखेडला एकदा दुसऱ्या जादूगाराचा तंबू लागला होता, तर हा एकटा जाऊन पाहून आला आणि ती बिऱ्हाडात भाकरी थापत बसली. "तू पाह्यलं तं तुले भेव वाटीन," तो म्हणायचा, "अन् भेलेलं अंग मोठं होते. पेटीत मावत नाई." त्या वेळी तिला ते खरंच वाटलं होतं. आजही खोटं वाटत नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, दार लागल्यावर अंधारात छाती धडधडायला लागली की लाकूड खरंच चहूबाजूंनी जवळ येई, खांद्यापाशी एक गाठ होती सागवानाची, ती हाडाला टोचे. मग ती मनात मेथी निवडायची. एक एक पान. पानं निवडता निवडता अंग लहान व्हायचं, गाठ टोचेनाशी व्हायची, आणि ती लाकडावर मधल्या बोटाच्या पेरानं एकदा ठोकायची. एक ठोका म्हणजे बसली. दोन म्हणजे उघड. ठोका पडल्याशिवाय भीमराज तलवारीला हात लावत नसे. कधी ठोक्याला वेळ लागला तर तो लोकांशी बोलत राही, हसवत राही, पण हात मागे. पोटात दुखत असलं, पाय चुकीचा दुमडला गेला, परकर खिळ्यात अडकला, काहीही असो, आतल्या बाईनं सांगितल्याशिवाय बाहेरच्या माणसानं काही करायचं नाही, असा हा एकच धंदा तिनं जगात पाहिला होता. घरात तसं काही नव्हतं. घरात सासू होती.

खेळाच्या पत्रकावर तिचं नाव कुमारी शीला. बादल झाल्यावरही कुमारीच. खरं म्हणजे बादल जन्मायच्या आधी पेटीत जाऊन आला होता. घाटंजीच्या बाजारात दार लागलं आणि पोरानं आतून अशी लाथ मारली की तिला वाटलं, बाहेर ऐकू जाते, भीमराज हाच ठोका समजतो. तिनं दोन्ही हातांनी पोट धरून ठेवलं आणि मेथी निवडायची विसरली. त्या दिवशी बाहेर भीमराज किती वेळ बोलत होता. मायबापहो, ही विद्या आहे, मंत्र नाही. ही हातचलाखी आहे. कोणी बुवा तुमच्या दारी असा खेळ करून कोंबडं मागीन, तं त्याले या भीमराजकडं पाठवा. प्रत्येक खेळात हे बोलणं असायचं, पाटीपुऱ्यातल्या आपल्या माणसांपुढे तर जास्तच ठासून. मंत्र नाही, हे सांगायचं. कसं, हे नाही सांगायचं. या दोहोंच्या मधे जेवढी जागा होती तेवढ्यात त्यानं संसार केला, आणि त्या जागेत ती अंग चोरून बसली होती.

ऑटोवाल्यानं पाटीपुऱ्याच्या वळणावर उतरवलं. घराच्या दाराशी आली तशी बाईला पुढच्या खोलीतला उजेड दिसला, भर दुपारी ट्यूब लावून वर आणखी तो गोल लाइट लावलेला, लग्नाच्या फोटोवाल्यासारखा. खोलीच्या मधोमध पेटी उभी होती. ताडपत्री काढलेली, पुसलेली. दारावरच्या मोराला बादलनं कधी तरी निळा ऑइलपेंट मारला होता, तेव्हापासून तो मोर कमी आणि कोंबडा जास्त दिसायचा.

"आई, उशीर केला," बादल म्हणाला. त्याच्या अंगात भीमराजचा काळा कोट होता, आणि कोटाखाली घरची हाफपँट.

"पँट घाल आधी. बापाची विद्या राहू दे, बापाची लाज तरी ठेव."

"खालचं दिसत नाई आई, फोनमधे इथवरच येते."

"म्हंजे आता अर्ध्याच माणसाचा खेळ."

सून अर्पिता स्टँडवर फोन घट्ट करत होती. ती हसली नाही. आधी हसायची, सासूच्या तोंडाला भिऊन का होईना. पण मागच्या थंडीत आर्णी रोडवरच्या एका हॉलात कोणाच्या तरी पोराचा वाढदिवस होता, आणि तलवारी आरपार गेल्यावर पोट्टे ओरडले, मांगून, मांगून, रीलमधे पाह्यलं! दोघंचौघं तर स्टेजवरच चढले. पाठ ओढली. अर्पिता आत होती, घडी झालेली, साडी वर गेलेली, आणि तिच्यावर एवढे फोन धरलेले की तिला उजेडानं डोळे उघडता येईनात. पोरांचे आईबाप हसत होते. नंतर तो व्हिडिओ शेजारच्या बाईनंच तिला दाखवला, सहानुभूती म्हणून. दुसऱ्या दिवशी बादलनं पेटीच्या पाठीला बाहेरून लोखंडी कडी ठोकली. अर्पिता मात्र त्यानंतर पेटीत गेली नाही. सत्यशीलाबाई तेव्हा तिला म्हणाली होती, "पाय चुकीचे घेतले तू. पाय बरोबर असते तं एवढं दिसलं नसतं." हे ती का बोलली, कोण जाणे. बोललेलं परत तर घेता येत नाही, आणि घेता येत असतं तरी तिनं घेतलं नसतं.

आता आठवडाभर बादलचं एकच पालुपद होतं. शाळांची संमेलनं गेली, मंडळवाले दुर्गादेवीच्या नवरात्रात नाचणारे बोलावतात, मग राहिलं काय? तर हेच. खेळ कसा होतो ते दाखवायचं. सगळे दाखवतात, पण खरी पेटी आणि पेटीतली खरी बाई कोणाकडे आहे?

"साऱ्या दुनियेचं सांगून झालं, आपलंच तेवढं झाकून काय करतं?" तो म्हणाला. "अन् बाबाच सांगत होते नं, मंत्र नाई म्हणून. मी त्याच्यापुढचं सांगतो फक्त."

"पुढचं त्यायले येत नव्हतं का? जीभ होती त्यायले."

"तेव्हाची गोष्ट वेगळी."

"मी नाई जात. तुह्या बायकोले घाल."

अर्पितानं फोनवरून मान वर केली. "तुमी जन्मभर लपून होत्या आई," ती म्हणाली, आवाज न चढवता. "मले तं साऱ्या यवतमाळनं पाह्यलं."

बाई मेथीची जुडी सोडून बसली, मुळं मोडू लागली. अर्पिता घरात आली त्या वर्षी तिनंच ही पेटी सुनेच्या हवाली केली होती, दुसऱ्या घरी सासवा कपाटाची किल्ली देतात तशी, चार बायका बोलावून. पेटी सुटली. पेटीचं माप काही सुटलं नाही. आजही ती अर्धी भाकरी मोडून ठेवते, सणाला दुसरी पोळी घेत नाही. लोक म्हणतात बुढीचं अंग पाहा कसं ठेवलं. खाटेवर एवढी जागा असते, पण झोप लागली की गुडघे आपोआप छातीशी येतात. भीमराज गेला त्या सकाळी ती तशीच उठली होती, घडी झालेली, आणि त्याच्याकडे वळायला तिला वेळ लागला होता.

"समोरून काढतो, आई," बादल खाली बसला. भीमराज मनवायला बसायचा तसाच, एक गुडघा टेकून. "मांगून नाई. आपला पुरा खेळ समोरून, जसा बाबा करत होते तसा. एकदाचा राहून जाईन फोनमधे. अन् तूबी पाहशीन."

"काय पाहीन?"

"तुहाच खेळ. समोरून. पाह्यला का तू कधी?"

मेथीच्या देठावर बाईचं बोट थांबलं. ऑटोतली ती गोरी पोरगी तिला आठवली, दार उघडल्यावर पेटी कशी मोकळी झाली होती, बाण यायच्या आधीचा तो क्षण. असं दिसत होतं तर. शाळेच्या मैदानावर, बाजारात, देवीपुढे, हजार माणसं जे पाहून गप्प व्हायची ते. आतून तिला फक्त ती चूप ऐकू यायची. दार उघडायचं आणि बाहेर एकदम कोणी नसल्यासारखं व्हायचं, लेकरंसुद्धा रडायची थांबायची, आणि तेवढा वेळ ती कुठेच नसायची. कोणाची सून नाही, कोणाची बायको नाही. टाळ्या भीमराजच्या, त्यावर तिनं कधी हक्क सांगितला नाही. पण ती चूप तिची होती.

"समोरूनच," ती म्हणाली.

"समोरूनच."

"पँट घाल."

त्यानं पँट घातली. बाईनं पदर खोचला, चष्मा काढून अर्पिताच्या हातात दिला आणि पेटीत पाय ठेवला. आधी ती आपली आपण सुटून समोर यायची, तेच तर खेळाचं अर्धं कसब; पण आता गुडघ्यात तेवढा जीव नव्हता. म्हणून ठरलं की खेळ झाला की ती दोनदा ठोकेल आणि बादल मागची कडी काढून हात देईल. दार लागलं. लाकडाचा वास तोच होता, फक्त वर ऑइलपेंटचा वास चढला होता. पाठ उघडते हे तर आता ऑटोतल्या पोरीलाही माहीत. पण तिथवर जाताना आधी कोणता खांदा, मग श्वास कुठे सोडायचा, हे ज्या बाईला माहीत तिनं ते कोणाला सांगितलं नाही, सुनेलाही हात धरून शिकवलं, बोलून नाही. खांदा गेला. श्वास गेला. डावा गुडघा कळवळला, मग गेला. सागवानाची गाठ तिथंच होती, जुन्या शेजारणीसारखी, टोचायला तयार. बाईनं मेथी निवडली. एक पान, एक पान.

बाहेर बादल बोलत होता. आधी फोनवाल्यांसारखं, हॅलो दोस्तों, मग एकाएकी अडखळला आणि आवाज खाली गेला. "मायबापहो," तो म्हणाला, "ही विद्या आहे, मंत्र नाही." हा आवाज पोरानं कुठून आणला? तिनं ठोकलं, एकदा. पेरावरचा घट्टा अजून शाबूत होता.

तलवारी आल्या. एक कानाजवळून, एक पोटापुढून, थंड हवेसारख्या. कोणती कधी येणार हे अंगाला आठवत होतं, तिला आठवावं लागलं नाही. मग दार उघडल्याचा आवाज झाला आणि गोल लाइटचा उजेड फटींतून आत आला, दोऱ्यासारखा. आणि बाहेर चूप झाली.

खोलीत दोनच माणसं होती, त्यातला एक तर स्वतःच जादूगार. म्हणजे ही चूप अर्पिताची होती. बाईला ते कळायला वेळ लागला. अर्पिताही पेटीतली बाई, तिनंही खेळ समोरून कधी पाहिला नव्हता.

"अव माय," अर्पिता हळूच म्हणाली. "आई कुठी गेल्या?"

अंधारात सत्यशीलाबाई हसली. हसायलाही जागा लागते, ती तिथं नव्हती, तरी हसली. तिला वाटलं, आता बाहेर जाऊन या पोरीला म्हणावं, तुह्ये पाय बरोबर होते व, मीच वाकडी बोलली. तिनं दोनदा ठोकायला हात उचलला. तेवढ्यात बाहेर पुन्हा सुरू झालं, हॅलो दोस्तों, अडखळणं, मायबापहो. फोन बोलत होता. दोघं मिळून पाहत होते. बाईनं ठोकलं, दोनदा. नेमका त्याच घडीला फोनमधूनही तिचा मघाचा ठोका वाजला.

"ठोकलेलं पाहा किती साफ आलं!" अर्पिता म्हणाली. "परत लावा नं. दार उघडते तेथून."

परत लागलं. दार उघडलं, चूप झाली, फोनमधली अर्पिता अव माय म्हणाली आणि बाहेरची हसली. किती महिन्यांनी हसली. बाईनं हात आवरला. हसू दे. डावा पाय आता आपला नव्हता, मुंग्यांचा झाला होता. आपण सोडून सगळ्यांनी पाहिलं, तिच्या मनात आलं. आतली तेवढी राहिली. चष्मा बाहेर, खेळ बाहेर.

मग फरशीवर काही तरी ओढल्याचा आवाज आला. स्टँडचे पाय. आवाज समोरून निघाला, पेटीला वळसा घालून गेला, तिच्या कानामागून, पाठीमागून, आणि थांबला. फटीतला उजेड समोरचा विझला आणि मागून आला. लाल बाण कसा फिरला होता ते तिला आठवलं.

"आई," बादल म्हणाला, पाठीच्या फळीला तोंड लावल्यासारखा जवळून. "तशीच राह्य बरं. हलू नको. लई भारी झालं आई. आता फक्त हे मांगचं राह्यलं. दोन्ही जोडलं तरच पाह्यतेत लोक."

"तू समोरून म्हणला होता," ती म्हणाली. पण मान वळलेली होती, तोंड गुडघ्याशी, शब्द पदरात गेले.

"तू ठोक, म्हंजे कडी काढतो. चालू हाये, बरं."

चालू आहे. म्हणजे फोन पाहतो आहे, बंद फळीकडे. फळी हलली की तिची घडी दिसेल, उघडं तोंड, वर गेलेलं लुगडं, आणि कोणी तरी पोरगी ऑटोत अंगठ्यानं ते वर ढकलेल, आणि त्या जागी भजी येतील. बाहेर जायला दुसरी वाट नव्हती. समोर आपली आपण सुटायला अंग उरलं नव्हतं, आणि मागे कडी होती, आणि कडीच्या मागे तो उजेड. छाती धडधडायला लागली. गाठ टोचली. लाकूड जवळ आलं. मेथी, तिनं स्वतःला सांगितलं, पण पानं हाताला लागेनात.

"ठोकत काहून नाईत?" अर्पिताचा आवाज. "अवो, काही झालं तं नाई? काढा नं कडी!"

"ठोकल्याशिवाय काढता येत नाई."

"तुमची आई हाये ते!"

"माहीत हाये," बादल म्हणाला. "पण ठोकल्याशिवाय नाई."

बाईनं ते ऐकलं. पोरानं बापाचं सगळं विकायला काढलं होतं, कोट, मोर, आवाज, आई. ठोक्याचं तेवढं राहिलं होतं त्याच्यापाशी, आणि ते आहे हे त्यालाही आताच कळलं असावं. तिची मूठ लाकडापासून चार बोटं दूर होती. घट्टा लाकडाकडे. पाय गेला होता, कंबर जात होती. घाम नाकावर आला, पुसायला हात मोकळा नव्हता, होता तो मुठीत होता. ठोकलं तर उघडेल. नाही ठोकलं तर नाही. इतकी वर्षं ती बसल्याचं सांगायला ठोकत आली, उघडायला ठोकत आली. नाही म्हणायला काय करायचं, ते भीमराजनं कधी ठरवलंच नव्हतं.

"आई?" बादल म्हणाला.

तिनं मूठ छातीशी घेतली.

बाहेर अर्पिताच्या बांगड्या कडीवर वाजल्या आणि थांबल्या; बादलनं तिचा हात धरला असावा. मग तो खाकरला. ठोका यायला उशीर झाला की काय करायचं असतं, ते त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"मायबापहो," तो बंद फळीपुढे, चालू फोनपुढे म्हणाला, आणि आवाज मधेच फाटला, आणि त्यानं तो पुन्हा जुळवला. "मायबापहो, ही विद्या आहे, मंत्र नाही..."

ती आत ऐकत राहिली. ठोका पडेपर्यंत बोलत राहायचं असतं, म्हणून बादल बोलत राहिला.